धर्माच्या रकान्यातली चूक

हैदराबादच्या एका लष्करी हॉस्पिटलात माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी कॅप्टन होते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये आठ वर्षं झाली होती. त्याआधी ईशान्येला होते, त्याआधी राजस्थानात. घरच्या गावी पोस्टिंग मिळालं म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. प्रत्यक्षात मी क्वार्टरमध्ये राहायचे आणि चिक्कडपल्लीच्या घरी महिन्यातून दोनदा जेवायला जायचे.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. शहरात नवी खासगी हॉस्पिटलं उभी राहत होती आणि त्यांना तयार नर्सेस हव्या होत्या. माझ्या बॅचच्या दोघी राजीनामा देऊन तिकडे गेल्या. मलाही बोलावणं आलं होतं. मी गेले नाही. त्यात मोठा त्याग वगैरे काही नव्हता. मला युनिफॉर्म आवडत होता आणि वेळेवर चालणारी कामं आवडत होती.

आमच्या कुटुंबाबद्दल एवढंच सांगायला हवं की आम्ही मराठी ख्रिस्ती. आजोबा निजामाच्या राज्यात जालन्याहून इथे आले. वडील नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. आडनाव भालेराव. तेलुगू शेजाऱ्यांना वाटायचं, मराठी आहेत म्हणजे हिंदू असणार. आणि शहरातल्या ख्रिस्ती लोकांना वाटायचं, ख्रिस्ती आहेत म्हणजे तेलुगू नाहीतर तमिळ असणार. दर वेळी समजावून सांगण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं. मीसुद्धा पुष्कळदा गप्प बसले आहे. पुढे जे लिहिते आहे ते वाचताना हे लक्षात ठेवावं.

माझ्याकडे सर्जिकल वॉर्ड होता. सकाळी सव्वासातला हँडिंग ओव्हर, आठला औषधं, नऊला राउंड. तीस खाटा, चार नर्सिंग असिस्टंट आणि यादम्मा. यादम्मा वॉर्डची आया. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या पेशंटने किती खाल्लं हे ती चार्टपेक्षा बरोबर सांगायची.

एका शुक्रवारी फायरिंग रेंजवरून परतताना एक तीन टनी गाडी उलटली. दुपारी साडेतीनला आमच्याकडे सहा जवान आले. पाच जणांना मलमपट्टी करून सोडलं. सहावा हवालदार प्रभाकर साळवे. डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. नाडी, बीपी ठीक. सर्जन मेजर साहेबांनी पोट तपासलं आणि ऑब्झर्वेशनसाठी खाट क्रमांक सातवर ठेवलं. चौदा वर्षं सर्व्हिस, जालन्याजवळच्या खेड्यातला माणूस. बोलायला कमी.

शनिवारी सकाळी सव्वादहाला मी ड्रेसिंग ट्रॉली घेऊन त्याच्या खाटेशी गेले. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्याने विचारलं, भालेराव म्हणजे जालन्याचे का. मी हो म्हटलं. मग त्याने हळू आवाजात विचारलं की रविवारी दुपारी मी कुठल्या उपासनेला जाते. चिक्कडपल्लीला एका शाळेच्या हॉलमध्ये आमची मराठी उपासना भरायची, पंधरा-वीस घरं यायची. बाहेरच्या माणसाला ती माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणजे तोही आमच्यातलाच.

मग त्याने सगळं सांगितलं. भरतीच्या वेळी क्लार्कने नाव विचारलं, गाव विचारलं, आणि धर्माचा रकाना स्वतःच भरला. साळवे आडनाव ऐकून त्याने हिंदू लिहिलं. साळवेला विचारलंच नाही. साळवेने कागद वाचला आणि सही केली. मागे लांब रांग होती, दुरुस्ती सांगितली तर पुन्हा शेवटी उभं राहावं लागेल अशी भीती वाटली. तेव्हा त्याचं वय एकोणीस.

पुढे तेच चालू राहिलं. युनिटमध्ये मंदिर परेड असते. त्याआधी ऑर्डर होते: दुसऱ्या धर्माचे जवान, लाइन तोड. दोन-चार जण बाहेर पडतात. नाताळला वेगळी ऑर्डर: ख्रिश्चन जवान गाडीत बसा, चर्चला जायचंय. साळवे एकदाही बाहेर पडला नाही. उलट युनिटच्या भजनी पार्टीत ढोलकी वाजवू लागला. हात चांगला होता. पार्टीचे प्रमुख सुभेदार जाधव, साताऱ्याकडचे. त्यांच्याच कंपनीत तो वाढला.

एका नाताळला ॲडज्युटंटने, म्हणजे युनिटची कार्यालयीन कामं बघणाऱ्या अधिकाऱ्याने, यादी बघून सरळ विचारलं होतं, साळवे, तू ख्रिश्चन तर नाहीस ना? तो म्हणाला, नाही साहेब.

मग तो म्हणाला, "मॅडम, वर गेल्यावर मला नाव-नंबर विचारणार नाहीत. लाइन तोड म्हटलं तेव्हा जागेवर का उभा राहिलास, एवढंच विचारतील. मला हे दुरुस्त करायचंय. अर्ज कुठं द्यायचा ते सांगा."

मी पट्टी बांधत होते. मी म्हटलं, "हवालदार, तुमच्या तीन बरगड्या मोडल्यात. वर जायला अजून वेळ आहे. बरे व्हा, मग बघू."

शनिवारी एक वाजेपर्यंत हॉस्पिटलचा हेड क्लार्क टेबलावर होता. वॉर्डपासून त्याचं ऑफिस दोनशे पावलांवर. मी एक साधा अर्ज लिहून त्यावर आवक शिक्का मारून आणू शकले असते. वीस मिनिटांचं काम होतं. मला ते तातडीचं वाटलं नाही.

रविवारी मी सकाळच्या ड्यूटीवर होते. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी यादम्मा जेवणाच्या थाळ्या उचलताना माझ्याकडे आली. धावत नाही, पण नेहमीपेक्षा झपझप.

"अम्मा, सात नंबरवाले साब कुछ नै खाये. पसीना छूट रा, मूं सफेद पड गया."

नाडी एकशे बत्तीस. बीपी ऐंशी, खालचं पन्नास. पोट फळीसारखं घट्ट. तळहात थंड. मी नर्सिंग असिस्टंटला पाय उंच करायला सांगितलं, दोन्ही हातांना सलाइन लावलं आणि सर्जन साहेबांच्या क्वार्टरला फोन केला.

"सर, बेड सात. प्लीहा फुटली असावी."

"ओटी उघडा. आलो."

एक बावीसला ते वॉर्डात होते. पोटावर हात ठेवला आणि मान हलवली. बरगडीच्या माराने प्लीहेला चीर गेलेली असते, दोन दिवस ती धरून राहते आणि मग सुटते. उपाय एकच, पोट उघडून ती काढणं. त्यासाठी रक्त लागणार होतं. साळवेचा ग्रुप बी निगेटिव्ह. आमच्या ब्लड बँकेत त्या ग्रुपची एकच बाटली होती, ओ निगेटिव्ह एकही नव्हती आणि बाहेरून आणायला वेळ नव्हता. मी त्याच्या युनिटला फोन लावला. त्यांच्या रजिस्टरमध्ये त्या ग्रुपचे दोन जण होते. एक रजेवर गावी. दुसरे सुभेदार जाधव.

एक पस्तीसला जाधव साहेब जीपमधून उतरले. रविवार असून पूर्ण युनिफॉर्ममध्ये. मी त्यांना लॅबकडे पाठवलं आणि संमतीचा फॉर्म घेऊन खाट सातकडे गेले.

साळवे शुद्धीवर होता. ओठ पांढरे. त्याने विचारलं, रक्त कोणाचं. मी सांगितलं.

तो म्हणाला, "नको."

मला वाटलं तो बरळतोय. मी फॉर्म पुढे केला. त्याने हात पांघरुणाखाली घेतला.

"मॅडम, आधी त्यांना कळू द्या मी कोण आहे ते. मग त्यांना द्यायचं असेल तर देतील. असं फसवून नाही घेणार."

मी म्हटलं, मी सांगते त्यांना. तो म्हणाला, मीच सांगणार. मी म्हटलं, वेळ नाही. तो म्हणाला, म्हणूनच.

सर्जन साहेब दारातून ओरडले नाहीत, पण जवळ येऊन मला इंग्रजीत म्हणाले की या बीपीला माणसाची बुद्धी शाबूत नसते, संमतीची वाट बघू नका, ट्रॉली हलवा. ते चूक नव्हते. मी साळवेला त्याचा नंबर विचारला. त्याने अख्खा बरोबर सांगितला. युनिट विचारलं, वार विचारला. बरोबर.

"सर, बुद्धी शाबूत आहे. पाच मिनिटं द्या."

"ट्रॉली येईपर्यंत. त्यानंतर मी विचारणार नाही."

मी लॅबमध्ये गेले. जाधव साहेबांची बाही वर होती, दंडाला रबर बांधलेलं होतं. मी म्हटलं, साळवेला तुमच्याशी बोलायचंय, आत्ता. त्यांनी रबर स्वतःच सोडलं आणि माझ्यामागे आले.

ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. साळवेने उठायचा प्रयत्न केला. मी खांदा दाबून धरला.

"साहेब, मी ख्रिस्ती आहे."

जाधव साहेब म्हणाले, "कधीपासून?"

"जन्मापासून. माझे आजोबा पण."

"चौदा वर्षं तू माझ्या भजनात बसलास."

"हो साहेब."

"माझ्याशेजारी. आरतीला."

"हो साहेब. ढोलकी मनापासून वाजवली. पण मी खोटा होतो. माझ्या देवाशी पण आणि तुमच्याशी पण."

जाधव साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि वॉर्डाबाहेर निघून गेले. घड्याळात एक पंचेचाळीस झाले होते. ट्रॉलीचा आवाज कॉरिडॉरमधून येत होता. साळवेने डोळे मिटले. मी त्याचं बीपी घेतलं. सत्तर. मग मी त्यांच्यामागे गेले.

ते व्हरांड्यात कठड्याला धरून उभे होते. मला बघताच त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही पण त्यांच्यातल्याच ना?"

"हो."

"हे त्याच्या डोक्यात तुम्ही घातलं काय?"

"नाही. काल त्याने मला सांगितलं. त्याला अर्ज करायचा होता. मी म्हटलं, बरा हो, मग बघू."

ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही पण पुढं ढकललंत."

मी हो म्हटलं.

मग ते कठड्याकडे तोंड करून बोलले. तो कुठल्या देवाचं नाव घेतो याचं त्यांना काही नव्हतं. त्यांच्या कंपनीत सगळ्या प्रकारचे लोक होऊन गेले. पण डोंगरावर एका तंबूत दोन हिवाळे काढले, त्याच्या आईच्या आजारपणात स्वतः रजा मंजूर करून आणली, आणि शेजारी झोपतो तो माणूस कोण हे आपल्याला माहीत नव्हतं. आपण त्याला इतके परके होतो का? हे शेवटचं त्यांनी मला विचारलं नव्हतं.

एक एकोणपन्नासला मी म्हटलं, "साहेब, रक्त जुळवून बघायला, क्रॉसमॅचला, अर्धा तास लागतो."

त्यांनी बाही वर केली. लॅबकडे वळायच्या आधी ते दारातून वॉर्डात गेले. साळवेला ट्रॉलीवर घेतलं होतं. त्याच्यावर वाकून म्हणाले, "ऐक. चौदा वर्षांचं एक्स्ट्रा ड्रिल निघतंय तुझ्या नावावर. ते केल्याशिवाय सुटका नाही. सही कर आता."

साळवेने सही केली. अक्षर वाकडं आलं.

दोन दहाला ऑपरेशन सुरू झालं. पोटात रक्त साठलं होतं. पहिली बाटली लगेच गेली. दुसरी, जाधव साहेबांची, दोन पंचवीसला हातात आली तेव्हा अजून कोमट होती. चार चाळीसला साळवे वॉर्डात परत आला. डीआय लिस्टवर, म्हणजे गंभीर आजारी पेशंटच्या यादीत, त्याचं नाव घातलं आणि गावी त्याच्या बायकोला, सुशीलाबाईंना, तार गेली. त्या दिवशी मी उपासनेला पोचले नाही.

सोमवारी सकाळी तो बोलत होता. मी साडेआठला अर्ज लिहून आणला, त्याने सही केली, मी साक्षीदार म्हणून सही केली. हेड क्लार्कने अर्ज घेतला आणि नियम सांगितले. मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र, कमांडिंग ऑफिसरची शिफारस, मग रेकॉर्ड ऑफिस. अर्ज ट्रेमध्ये गेला.

दुपारी जाधव साहेब भजनी पार्टीतल्या सहा जणांना घेऊन आले. भेटीची वेळ संपली होती, पण मी घड्याळाकडे पाहिलं नाही. पेटी वाजवणारा नाईक म्हणाला, "प्रभ्या, चौदा नाताळचा केक बाकी आहे तुझ्याकडं. आम्ही मोजून घेणार." दुसरा म्हणाला, म्हणूनच हा काल्याचा प्रसाद दोनदा मागायचा, याला उपास कुठले. साळवे हसला आणि टाक्यांवर हात दाबून धरला. मग त्याने एकेकाकडे बघून माफी मागितली. त्यांना ते नको होतं, ते खाली बघत होते. त्याने तरी ती पूर्ण मागितली. मी खिडकीजवळ चार्ट भरत होते. आम्ही रोज प्रार्थना करतो, देवापुढे उभं राहायचं आहे असं म्हणतो. खरंच उद्याच उभं राहायचं आहे असं धरून वागणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. तो घाबरलेला दिसत नव्हता, घाईत दिसत होता.

मंगळवारपर्यंत ही गोष्ट अख्ख्या कंपनीत पोचली होती. त्याच दिवशी त्याची लघवी कमी झाली. रविवारी बीपी फार वेळ खाली राहिलं होतं आणि मूत्रपिंडांनी मार खाल्ला होता. त्या वेळातली पाच-सात मिनिटं त्याने स्वतः मागून घेतलेली होती. त्या मिनिटांनी फरक पडला का, हे मी सर्जन साहेबांना नंतर विचारलं. ते म्हणाले, बहुधा नाही, पण मी सांगू शकत नाही. खरं उत्तर होतं, म्हणून मी ते तसंच ठेवलं आहे.

बुधवारी सकाळी शेवटचं तो माझ्याशी बोलला. सुशीला आली का, विचारलं. मी सांगितलं, वाटेत आहेत. खोटं सांगितलं नाही. त्या वाटेतच होत्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी तो गेला.

बाराला युनिटच्या ॲडज्युटंटचा फोन आला. रेकॉर्डप्रमाणे दहनाची व्यवस्था सुरू केली आहे, लाकडं सांगितली आहेत. मी म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, लेखी काय आहे? लेखी फक्त ट्रेमधला एक अर्ज होता, आणि त्यावर साक्षीदार एक ख्रिस्ती नर्स.

आमच्या हॉस्पिटलच्या कमांडंटनी मला बोलावलं. सरळ माणूस होते.

"कॅप्टन, ऑपरेशननंतरच्या पेशंटचा अर्ज. साक्षीदार तुम्ही. कागदावर हे कसं दिसतं?"

"वाईट दिसतं, सर."

"पेशंटला तुम्ही भरीला घातलं असं कोणी म्हणालं तर? चौकशी लागेल. मेजरचं प्रमोशन जवळ आलंय तुमचं."

"माहीत आहे, सर."

"बायको येईल, ती ठरवेल. तोवर सही मागे घ्यायची असेल तर घ्या."

मी म्हटलं, सही राहू द्या. एकदा एक दिवस उशीर केला होता, आता मागे हटणार नव्हते. हे दुसरं वाक्य मी मोठ्याने बोलले नाही.

तेवढ्यात जाधव साहेब आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या हातात एक कागद होता, मराठीत लिहिलेला. रविवारी दुपारी पावणेदोनच्या सुमारास हवालदार प्रभाकर साळवे याने पूर्ण शुद्धीत मला सांगितले की तो जन्माने ख्रिस्ती आहे, मी त्याला चौदा वर्षे ओळखतो, तो खरे बोलत होता. खाली त्यांची सही आणि भजनी पार्टीतल्या सहा जणांच्या. कमांडंटना मराठी येत नव्हतं. मी भाषांतर केलं. ते संपल्यावर त्यांनी ॲडज्युटंटला फोन लावून सांगितलं, लाकडं परत पाठवा.

सुशीलाबाई संध्याकाळी साडेसहाला आल्या. त्यांना काही सिद्ध करावं लागलं नाही. गावच्या चर्चमध्ये त्यांच्या लग्नाची नोंद होती. त्यांनी मला एवढंच विचारलं की त्याने स्वतः सांगितलं का. मी म्हटलं, स्वतः, सगळ्यांसमोर. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चौदा वर्षं मी तेवढंच मागत होते."

गुरुवारी सकाळी नारायणगुड्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला मूठमाती दिली. युनिटची फ्यूनरल पार्टी होती, कमांड जाधव साहेबांची. चिक्कडपल्लीची आमची पंधरा-वीस घरं आली होती. वडिलांनी शास्त्रवाचन केलं. बिगुल वाजला.

चौकशी लागली नाही. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात मात्र एक ओळ आली, पेशंटच्या खासगी बाबींत अवाजवी लक्ष घालते. मेजर व्हायला दोन वर्षं जास्त लागली. त्याने काही बिघडलं नाही. त्यानंतर पेशंटने काही मागितलं आणि ते त्याच दिवशी होण्यासारखं असलं, तर मी ते दुसऱ्या दिवसावर टाकलं नाही. वॉर्डातल्या पोरींना माझा हा स्वभाव जाचक वाटायचा.

आठ महिन्यांनी साळवेचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडून परत आला. शेरा होता: संबंधित व्यक्ती मृत, दुरुस्तीची आवश्यकता नाही. म्हणजे सरकारी कागदावर तो रकाना अजून तसाच आहे. दगड जाधव साहेबांनी स्वतः उभं राहून कोरून घेतला. नंबर, रँक, नाव, क्रॉस.

हवालदार प्रभाकर साळवे. वय तेहेतीस. मृत्यू बुधवारी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी. त्या वेळी त्याच्या कंपनीतल्या प्रत्येक माणसाला तो कोण आहे हे माहीत होतं.